सात किलोमीटरची सोबतीण

मी टेस्ट ड्राइव्हची गाडी बोलतेय. चिखलीच्या रस्त्यावर शोरूमबाहेर, कमानीखाली, दोन्ही अंगांवर 'चालवून तर पाहा' असं लिहिलेली पांढरी गाडी उभी असते बघा, ती मीच. तुम्ही कदाचित मला चालवलंही असेल आणि घरी जाऊन विसरलाही असाल. मी कुणाला विसरत नाही. मला दुसरं काम तरी काय असतं म्हणा!

माझ्या कंपनीचं नाव मात्र विचारू नका. नाव सांगितलं की तुमच्यातले अर्धे "मग प्रश्नच नाही" म्हणणार, अर्धे नाक मुरडणार, आणि माझं बोलणं राहील बाजूलाच. या भागात कंपनीचं नाव म्हणजे आडनावासारखं असतं. ते कळलं की माणसं पुढचं ऐकतच नाहीत.

जन्म माझा चाकणचा. नुसता पत्रा होते तेव्हाचं फार आठवत नाही. स्वप्नातलं आठवावं तसं तुकड्यातुकड्यानं आठवतं. ठिणग्या, भट्टीतल्या रंगाचा ऊन वास, आणि मग डोक्यावरून सावकाश मागे सरकणारे दिवे. लाइनवर पुढे जाताना कितीतरी हात अंगाला लागून गेले. जेवणाच्या सुट्टीत लाइन थांबली, तेव्हा एक कामगार माझ्या मागच्या सीटवर पाच मिनिटं डोळे मिटून बसला. सुट्टी संपल्यावर तो उठून गेला, पण त्याच्या पाठीची ऊब सीटला बराच वेळ राहिली. तेव्हापासून मला एकच स्वप्न पडायला लागलं. आपल्याला एक घर असेल, घरापुढं आपल्यापुरती जागा असेल आणि संध्याकाळी कुणीतरी येऊन आपल्यावर कापड टाकेल.

माझ्या मागच्यापुढच्या सगळ्या पांढऱ्या बहिणी ट्रकवर चढून कुठंकुठं गेल्या. माझ्या काचेवर तेवढा 'डेमो' असा कागद चिकटवला. मला वाटलं, मालकाचं आडनाव असेल. हसू नका. नव्या गाडीला काय कळतंय?

मग सुरू झाले माझे सात किलोमीटर. शोरूममधून निघायचं, स्पाईन रोडला लागायचं, मोशीच्या अलीकडून वळायचं आणि परत कमानीखाली यायचं. शेजारच्या सीटवर आमचा अजिम. विक्रीच्या कामाला तीन वर्षं झालेला, गोड बोलणारा, आणि गिऱ्हाईक कितीही वाकडं बोललं तरी कपाळाला आठी न घालणारा. गिऱ्हाईक स्टिअरिंग धरतं, सीट पुढेमागे करतं, आरसा आपल्याकडं वळवतं, आणि माझा ऊर भरून येतो. आता ही माझी माणसं, असं वाटायला लागतं. मागच्या सीटवरची पोरं काचा वरखाली करतात, मी मनात त्यांना लाडाची नावंही देते. सात किलोमीटर संपले की किल्ली अजिमच्या हातात येते आणि माझा संसार मोडतो. दिवसाला असे चार-पाच संसार तरी मोडतातच.

इथल्या बऱ्याच कारखान्यांना सुट्टी गुरुवारची. त्या दिवशी शोरूमात जत्रा असते. आणि काय एकेकाच्या तऱ्हा! माठ घेताना वाजवून बघावा तसं माझं बॉनेट बोटानं वाजवून बघतात. "पत्रा पातळ आहे राव," असं एकजण म्हणतो. दुसरा दार धाडकन आपटतो आणि आवाज कान देऊन ऐकतो. तिसऱ्याला माझ्याशी काही देणंघेणंच नसतं, त्याला फक्त पाच वर्षांनी मला विकल्यावर किती येतील ते हवं असतं. अजून घरात पाऊल नाही आणि हा मला घालवायला निघालेला! कुणी मायलेज विचारतो, कुणी सुरक्षेचे स्टार मोजतो, कुणाला छताला खिडकी हवी असते. ती एकदा उघडून बघतात आणि ऊन आलं म्हणून लगेच लावतात.

आमचा मोशीचा कुलदीप तर अकरा वेळा येऊन गेलाय. मोबाइल समोर धरून तो जगातल्या सगळ्या कंपन्यांची कुंडली मांडतो, कुठल्या इंजिनात काय दोष आणि कुठल्या सस्पेन्शनला काय गुण, सगळं तोंडपाठ. स्वतः स्कूटरवर येतो. पण गाडीवर माया करावी तर त्यानं. गिअर टाकताना त्याचा हात इतका हलका असतो की मला गुदगुल्या होतात.

समोरच्या टपरीवर चहाचे ग्लास घेऊन वेगवेगळ्या कंपन्यांतली माणसं तावातावानं भांडतात. आपल्या कंपनीचं लोखंड ते लोखंड, दुसऱ्याचा तो पत्र्याचा डबा. अजिम ऐकतो आणि गालात हसतो. त्याच्या वडिलांचं, लालमहंमदचाचांचं, चिखलीतच छोटं वर्कशॉप आहे. सीटखालच्या पट्ट्या तिथं दाबल्या जातात. त्यातल्या अर्ध्या एका कंपनीला जातात आणि अर्ध्या दुसऱ्या. अजिम हे टपरीवर कधी बोलत नाही. धंदा करायचाय त्याला.

अशाच एका गुरुवारी हिंदुराव आले.

इस्त्रीची पँट, दाढी गुळगुळीत, आणि डोक्यावर त्यांच्या कंपनीची टोपी. म्हणजे आमच्या नव्हे, दुसऱ्या, जुन्या कंपनीची. बत्तीस वर्षं तिथं दारं बसवण्याच्या लाइनवर काढून निवृत्त झालेले. शोरूमच्या पायरीवर त्यांनी टोपी काढली, घडी करून खिशात ठेवली आणि मगच आत आले.

त्यांनी मायलेज विचारलं नाही. दार आपटलंही नाही. अंगठ्याचं नख दाराच्या फटीवरून वरपासून खालपर्यंत सावकाश नेलं. "साडेतीन मिलिमीटर. सगळीकडं सारखी," असं स्वतःशीच म्हणाले आणि त्यांचा चेहरा पडला. खोट सापडेल अशी आशा असावी बिचाऱ्यांना. मग त्यांनी खिशातून मोजायची टेप काढली. जमिनीपासून माझ्या पुढच्या सीटच्या कडेपर्यंत मोजलं. वाकून पुन्हा मोजलं. कागदाच्या चिठोऱ्यावर आकडा लिहिला, अजिमला नमस्कार केला आणि गेले. चालवायलासुद्धा बसले नाहीत.

दुसऱ्या गुरुवारी पुन्हा आले. या वेळी सीटवर आडवे बसले, पाय बाहेर ठेवून. हातांचा आधार न घेता उठले. पुन्हा बसले, पुन्हा उठले. असं सात-आठ वेळा. शोरूमातली बाकीची मंडळी अजिमला खुणावून हसायला लागली. काका सटकलेत, असं सगळ्यांचं ठरून गेलं. मला मात्र त्या उठबशीत गंमत वाटेना. हे गृहस्थ बसताना डोळे मिटत होते, जणू दुसऱ्या कुणाच्या तरी अंगानं बसून बघत होते.

तिसऱ्या गुरुवारी अजिमनंच त्यांना चालवायला बसवलं. मोशीच्या वळणावर हिंदुरावांनी मला बाजूला घेतलं, इंजिन बंद केलं आणि सगळं सांगितलं.

त्यांच्या बायकोचं, इंदुताईंचं, पाच महिन्यांपूर्वी खुब्याचं ऑपरेशन झालं होतं. न्हाणीत पाय घसरला होता. आता वॉकर घेऊन घरात चालायच्या. डॉक्टरांनी एकच ताकीद दिलेली, खोल जागी बसायचं नाही. हिंदुरावांची जुनी गाडी बसकी, त्यामुळं तिचा उपयोग संपला, ती विकून टाकली. एकदा भाड्याची गाडी बोलावली, तर बसल्या खऱ्या, पण उतरताना उठता येईना. दोघांनी ओढून काढलं. त्या दिवसाची कळ त्यांच्या मनात अशी बसली, की नंतर गाडीचं नाव काढलं तरी त्या वॉकर घट्ट धरायच्या. फाटकाबाहेर पाऊल नाही.

आणि जायचं तर होतं. इंदुताईंचं माहेर राजगुरुनगरचं. तिथं त्यांच्या थोरल्या बहीण चिमाबाई एकट्या राहतात. रोज संध्याकाळी दोघी फोनवर बोलायच्या, काय शिजवलं, कोण आलं, सगळं. पण चिमाबाईंचे कान गेले. आधी थोडे, मग पार. फोन उचलून त्या नुसत्या "इंदे, इंदे" म्हणत राहायच्या आणि इकडून काही ऐकू येत नाही म्हणून ठेवून द्यायच्या. दोन महिने झाले, बहिणींचं एक वाक्य बोलणं झालं नव्हतं. समोर बसून, हातवारे करून, ओठांवरून कळलं तर कळणार. पण समोर जायचं कसं?

म्हणून हिंदुरावांनी घरातला तो पलंग मोजला, ज्याच्यावरून इंदुताई एकट्या उठतात. तेवीस इंच. आणि टेप घेऊन शोरूम धुंडाळायला लागले. आधी स्वतःच्या कंपनीचं. त्यांच्या खिशाला झेपणाऱ्या गाड्यांत एक एकोणीस भरली, दुसरी अठ्ठावीस, म्हणजे चढायला पायरी लागणार. मग बाकीच्यांकडं गेले. तेवीस भरली फक्त मी.

"मग अडलंय कुठं काका?" अजिमनं विचारलं.

हिंदुराव स्टिअरिंगवरची खूण बोटानं घासत राहिले. आमच्या कंपनीची खूण. मग जे सांगितलं ते ऐकून मला हसावं की रडावं कळेना.

त्यांच्या कंपनीच्या गेटवर एक रीत होती. स्वतःच्या कंपनीची गाडी आत, शेडखाली लागायची. दुसऱ्याची गाडी घेतली असेल तर ती गेटबाहेर, धुळीत, आणि तिथून चालत यायचं. बत्तीस वर्षं ते मान ताठ करून आत गाडी लावत आले. त्यांची मुलगी स्वरूपा इंजिनिअर झाली आणि लागली आमच्या चाकणच्या कारखान्यात. मागच्या दसऱ्याला तिनं स्वतःची गाडी घेतली, अर्थातच आमच्या कंपनीची. पेढे घेऊन दारात आली, तेव्हा हिंदुराव चेष्टेनं म्हणाले, "आमच्या गेटची रीत माहीत आहे ना? दुसऱ्या कंपनीची गाडी बाहेर."

लेक बापासारखीच. तिनं तिथूनच गाडी मागे घेतली आणि गल्लीच्या कोपऱ्यावर पिठाच्या गिरणीपाशी नेऊन लावली. दुसऱ्या दिवशीही तिथंच. बापाला वाटलं, येईल दोन दिवसांत. लेकीला वाटलं, बोलावतील दोन दिवसांत. बाकी घरात सगळं नीट होतं, जेवायला एकत्र बसायचे, हसायचे, फक्त गाडीचा विषय निघायचा नाही. चेष्टा कधी शिळी झाली आणि तिचा हट्ट कधी झाला ते दोघांनाही कळलं नाही. आणि घरापासून त्या कोपऱ्यापर्यंतची दोनशे पावलं इंदुताईंना आता चालवत नव्हती.

"तिची गाडी हीच," हिंदुराव म्हणाले. "हेच मॉडेल. हाच रंग. मी अजून तिच्यात बसलेलो नाही. तिचं माप घ्यायचं तर तिच्याकडं किल्ली मागावी लागेल."

काय म्हणावं या माणसाला! लेकीकडं किल्ली मागायला नको म्हणून तीन गुरुवार परक्या शोरूमात उठबशा काढत होता. खरं सांगते, राग आला मला. आणि रागाच्या जोडीनं एक भलती आशाही आली. हे मलाच घेतील का? आमच्यासारख्या डेमोच्या गाड्या वर्षभरानं जरा स्वस्तात विकतात. मी मनातल्या मनात त्यांच्या फाटकाच्या आत जाऊन उभीसुद्धा राहिले.

अजिम म्हणाला, काकूंना शोरूममध्ये आणता येत नसेल तर गाडीच घरी घेऊन येतो, तशी सोय असते. पुढच्या गुरुवारी दुपारी तीनची वेळ ठरली. स्वरूपाच्या कारखान्याला सुट्टी रविवारची, त्यामुळं तिची पहिली शिफ्ट सुटून ती घरी येईपर्यंत चार वाजायचे. तोवर उरकायचं होतं.

त्या दिवशी अजिमनं मला धुऊन पुसून काढलं. पण एक गिऱ्हाईक लांबलं, रस्त्यात ट्रकांची रांग लागली, आणि आम्ही त्यांच्या गल्लीत शिरलो तेव्हा चार वाजायला आले होते. हिंदुरावांनी फाटकाच्या दोन्ही झडपा उघडून ठेवल्या होत्या. अजिमनं मला अलगद आत घेतलं. आयुष्यात पहिल्यांदा मी कुणाच्या तरी अंगणात उभी होते. समोर तुळस, दोरीवर वाळत घातलेला टॉवेल, आणि माझ्या लांबीरुंदीची बरोबर मोकळी जागा. इंजिन बंद झालं ते पुन्हा सुरूच होऊ नये असं वाटावं, इतकी मी सुखावले होते.

इंदुताई वॉकर टेकत ओट्यावर आल्या. मला पाहून त्यांचा चेहरा असा काही उजळला! "आत घेतलीत व्हय पोरीची गाडी? लई बरं केलंत बघा," त्या नवऱ्याला म्हणाल्या.

हिंदुरावांनी हातातली टेप पाठीमागं घेतली. आणि तेवढ्यात, खांद्याला पिशवी, पायांत कारखान्याचे जड बूट, अशी स्वरूपा कोपऱ्यावरून चालत फाटकाशी आली. तिनं मला पाहिलं. माझ्या अंगावरची अक्षरं वाचली. बापाच्या हातातली टेप पाहिली.

"टेस्ट ड्राइव्हची चालते आत," ती म्हणाली. "माझीच चालत नाही."

आवाज चढवलेला नव्हता. तो थकलेला होता. अजिम माझं दार उघडून धरून उभा होता, त्यानं मान खाली घातली. हिंदुराव घाईघाईनं सांगायला लागले, आईसाठी माप घ्यायचं होतं, तेवीस इंच बरोबर भरतंय, फक्त एकदा बसून बघू दे. इंदुताईंनी सगळं ऐकून घेतलं. नवरा काय म्हणतोय, लेक कशानं दुखावलीय, दोन्ही त्यांना एकदमच कळलं असावं. त्या पायऱ्या उतरल्या, वॉकर पुढे टाकत माझ्या उघड्या दारापाशी आल्या. सीटवर हात ठेवला. गरम, खरखरीत हात.

"चांगली हाय गाडी," त्या म्हणाल्या. "पर मी हिच्यात न्हाई बसायची. तुमी माप घेतलंय ना? तुमचं माप कधी चुकलं न्हाई. बसले तर पोरीच्या गाडीत बसंन. हिच्यात आधी बसले तर कोपऱ्यावरची ती काय म्हनंल मला?"

हिंदुरावांनी मान हलवली. टेप गुंडाळून खिशात टाकली. मग लेकीपुढं हात केला.

"किल्ली दे," ते म्हणाले. "मी आणतो गाडी दारात. मी बोललो होतो, मीच आणतो."

स्वरूपानं किल्ली दिली. आणि लगेच वळून ती आईचा पदर नीट करायला लागली.

आता तुम्हीच सांगा, अंगण तेवढंसंच. तिची गाडी आत यायची तर मला बाहेर जायला हवं. अजिमनं मला मागे घेतलं. मी माझी ती जागा सोडून गल्लीत आले, तेव्हा समोरून माझ्यासारखीच हुबेहूब पांढरी गाडी येत होती. हिंदुराव चालवत होते, दोन्ही हात स्टिअरिंगवर, पाठ ताठ, डोळ्यांतलं पाणी न पुसता. आम्ही दोघी एकमेकींच्या अगदी जवळून गेलो. ती आत गेली आणि मी बाहेर, गल्लीच्या धुळीत, फाटकासमोर थांबले.

तिथून सगळं दिसत होतं. इंदुताई आधी पाठमोऱ्या झाल्या. दाराला धरून सावकाश टेकल्या. डोकं आपटू नये म्हणून हिंदुरावांनी वर तळहात धरला होता. एक पाय आत, मग दुसरा. मग काय मनात आलं कुणास ठाऊक, पाय पुन्हा बाहेर काढून त्या उभ्या राहिल्या. कुणी हात न लावता. आणि हसत हसत परत बसल्या. लगेच निघायचं, आत्ताच्या आत्ता आक्काकडं जायचं, असा त्यांनी धोशा लावला. स्वरूपानं बूटसुद्धा बदलले नाहीत. ती स्टिअरिंगवर बसली, हिंदुराव मागच्या सीटवर. डोक्यावर त्यांच्या जुन्या कंपनीची टोपी होतीच. तशीच गाडी माझ्यासमोरून राजगुरुनगरच्या दिशेनं गेली.

अजिम मला घेऊन शोरूमला परत आला. प्रत्येक फेरीनंतर त्याला टॅबवर एक रकाना भरावा लागतो, गिऱ्हाइकानं गाडी का घेतली नाही. किंमत, मायलेज, दुसरी कंपनी आवडली, अशी उत्तरं तयारच असतात, फक्त बोट लावायचं. त्यानं बराच विचार केला, 'इतर'वर बोट लावलं आणि लिहिलं, "गाडी घरचीच होती. फक्त आत घ्यायची राहिली होती." साहेबांनी नंतर त्याला याचा अर्थ विचारला. तो पुढच्या गिऱ्हाइकासाठी माझं दार उघडायला निघून आला.

मला वाईट वाटलं का? वाटलं की. खूप वाटलं. तुमच्यापाशी खोटं कशाला बोलू? पण त्या दिवसापासून माझं स्वप्न जरा बदललंय. आताशा दुपारच्या शांत वेळी कमानीखाली डोळा लागला की मी त्यांच्या मागोमाग जाते. चाकणवरून, मी जन्मले त्या कारखान्याच्या भिंतीवरून पुढे. एका घरापुढं गाडी थांबते. इंदुताई स्वतःच्या पायांनी उतरतात. दारात बसलेल्या म्हाताऱ्या चिमाबाई त्यांचा चेहरा दोन्ही हातांत धरतात आणि बघत राहतात. पुढं काय होतं ते मला दिसत नाही, कारण मी काही खरंच तिथं गेलेले नाही.

आता माझे नऊ हजार किलोमीटर झालेत. सगळे सात-सात करूनच. दोन महिन्यांत अंगावरची अक्षरं खरवडून मलाही विकतील म्हणे. कुणीतरी नेईल. तोवर मी इथंच आहे, गुरुवारी या. कंपनीवरून खुशाल भांडा, पत्रा वाजवा, कुलदीपला विचारा, माझं काही म्हणणं नाही. एवढंच करा, येताना चालवणाऱ्यानं एकट्यानं येऊ नये. घरात ज्या माणसासाठी गाडी घ्यायचीय, ज्याला धरून उठवावं लागतं, ज्याला कुणी काही विचारत नाही, त्याला बरोबर आणा. दार अजिम उघडेल. त्याला सावकाश बसू द्या, आणि वाटलं तर उठून पुन्हा बसू द्या. मला कसलीच घाई नाही.